आग लागली तर बंब पाठवायची जबाबदारी कुणाची? सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाशी भिडलेले फिरोजशाह मेहता

भाईंदर पूर्वेला गोल्डन नेस्ट सर्कलजवळच्या आझादनगर झोपडपट्टीत २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे मोठी आग लागली. झोपड्या, गोदामं आणि दुकानं जळाली, एकाचा जीव गेला. पुढे जे व्हायचं तेच झालं. व्हिडिओ व्हायरल झाले, नेत्यांनी पाहणी केली आणि सोशल मीडियावर नेहमीचा वाद सुरू झाला. कुणी म्हणालं महापालिका जबाबदार, कुणी म्हणालं राज्य सरकार जबाबदार, कुणी थेट दिल्लीपर्यंत गेलं.

आता हा प्रश्न साधा वाटतो. पण बंब किती असावेत, त्यावर माणसं किती असावीत, ती कमी पडली तर कान कुणी धरायचा आणि पैसे कुणी द्यायचे, यावर आपल्याकडे एकेकाळी चांगलीच भांडणं झाली होती. त्या भांडणांतून १८८८ साली एक कायदा आला आणि मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो. मीरा-भाईंदरला लागू असलेल्या कायद्याचा साचाही बऱ्याच अंशी तिथूनच आलाय.

हा कायदा घडवण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा वाटा मानला जातो ते म्हणजे सर फिरोजशाह मेहता. सीएसएमटी स्टेशनसमोर मुंबई महापालिकेच्या दारात ज्यांचा पुतळा उभा आहे, तेच.

शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख दोन ओळींत उरकते. मवाळ गटाचे नेते, काँग्रेसचे अध्यक्ष, टिळकांचे विरोधक. पण त्यांच्या आयुष्यातली चार दशकं ज्या कामात गेली ते काम होतं पालिकेचं. गटारं, पाणी, दवाखाने, शाळा आणि आगीचे बंब.

आधी मुंबईत आग कोण विझवायचं?

फिरोजशाहांकडे जाण्यापूर्वी थोडं मागे जाऊ.

१७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये भयानक आग लागली. तेव्हा किल्ल्याच्या तटबंदीच्या आत दाटीवाटीने घरं आणि बाजार होते. शहराचा मोठा भाग जळून गेला. आग विझवायला वेगळं खातं असं नव्हतंच. सैनिक, खलाशी, हाताला लागेल तो माणूस, यांनीच ती आवरली. या आगीनंतर कोटाबाहेर वस्ती हलवायला आणि मोकळं मैदान राखायला जोर आला.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आगीचं काम पोलिसांकडे आलं. घोड्यांनी ओढायचे बंब आले, पण ते चालवायचे पोलिसांनीच. १८६५ नंतर पोलीस आयुक्त हेच या दलाचेही प्रमुख होते. म्हणजे चोर पकडायचा त्यांनीच आणि आगही विझवायची त्यांनीच.

तेव्हा जगातही फार वेगळं चित्र नव्हतं. लंडनसारख्या शहरात १८३३ पासून अग्निशमन दल चालवायच्या ते चक्क विमा कंपन्या. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली, त्यात दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवूड यांच्यावर भिंत कोसळली आणि ते गेले. नुकसान इतकं झालं की विमा कंपन्यांनी सरकारला सांगितलं, हे आता आमच्या आवाक्यात नाही. मग १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनचं दल सार्वजनिक झालं.

थोडक्यात, आग विझवणं हे लोकांच्या करातून, लोकांच्या संस्थेने करायचं काम आहे, ही कल्पनाच तेव्हा नवीन होती. आणि नेमक्या त्याच वर्षांत एक पारशी पोरगा लंडनमध्ये कायदा शिकत होता.

शिष्यवृत्ती बुडाली, पण माणूस घडला

फिरोजशाह मेरवानजी मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईचा. घर व्यापाऱ्याचं. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे एमएही झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर जीव होता. त्यांच्या शिफारशीने फिरोजशाहांना बॅरिस्टर होण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ती दिली होती रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी.

तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागू लागला. जो तो शेअर बाजारात उतरला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. त्यात रुस्तमजींचंही दिवाळं निघालं आणि लंडनला गेलेल्या फिरोजशाहांची शिष्यवृत्ती आटली.

तरीही त्यांनी शिक्षण पुरं केलं. लंडनमध्ये त्यांच्यावर सगळ्यात मोठा प्रभाव पडला तो दादाभाई नौरोजींचा. दादाभाईंच्या भोवती हिंदी विद्यार्थ्यांचा गोतावळा असायचा. व्योमेशचंद्र बॅनर्जींसारखे पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले लोक त्यात होते. इंग्लंडमधली शहरं स्वतःचा कारभार स्वतः कशी चालवतात, कर कोण लावतं, हिशेब कोण विचारतं, हे त्यांना तिथे जवळून पाहता आलं.

१८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. आणि आल्या आल्या मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या भांडणात पडले.

क्रॉफर्ड साहेबांचं प्रकरण

झालं असं होतं की १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या पालिकेची सूत्रं एका आयुक्ताच्या हातात दिली होती. हे आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. ज्यांच्या नावाचं मार्केट आजही प्रसिद्ध आहे तेच.

क्रॉफर्ड कामाचा माणूस होता. रस्ते, बाजार, स्वच्छता, सगळ्याला त्यांनी गती दिली. पण खर्चाला लगाम नव्हता. पालिका कर्जात गेली, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर उतरायच्या बेतात आले. क्रॉफर्डना हटवा, अशी मागणी जोरात होती.

सगळे एका बाजूला असताना पंचविशीतल्या फिरोजशाहांनी वेगळीच बाजू घेतली. त्यांचं म्हणणं होतं की दोष एका माणसाचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. शहर चालवायला एक जबाबदार अधिकारी हवाच. समितीत बसून गटारं साफ होत नाहीत. पण त्या अधिकाऱ्याला रोज प्रश्न विचारणारं, त्याच्या पैशावर लक्ष ठेवणारं, लोकांनी निवडलेलं सभागृहही हवं. ते नसेल तर चांगला अधिकारीही बेलगाम होतो.

सभेत त्यांची टिंगल झाली. लोकांना क्रॉफर्डचं डोकं हवं होतं आणि हा तरुण रचनेवर बोलत होता.

पण १८७२ चा कायदा आला तेव्हा त्याची दिशा बरीचशी तीच होती. ६४ सदस्यांची पालिका झाली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे, बाकीचे जस्टिस ऑफ द पीस आणि सरकार यांनी द्यायचे. मतदानाचा हक्क अर्थातच ठराविक कर भरणाऱ्या मूठभरांनाच होता. सामान्य मुंबईकर त्यात नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

या पहिल्या निवडणुकांतून फिरोजशाह पालिकेत आले. ते जवळजवळ मरेपर्यंत तिथेच राहिले. १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षं त्यांनी पालिकेचं अध्यक्षपदही सांभाळलं.

१८८८ चा कायदा आणि त्यातली एक ओळ

१८८० च्या दशकात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचं धोरण आणलं आणि मुंबईचा कायदाही नव्याने लिहायचं ठरलं. सरकारने १८८७ मध्ये विधेयक आणलं. फिरोजशाह तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते, सोबत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे विद्वान होते.

सरकारच्या मसुद्यात झुकतं माप आयुक्ताला आणि सरकारला होतं. पालिकेच्या सभागृहाला दुय्यम जागा होती. यावर शहरात ओरड झाली. विधेयकाची कलमागून कलमं तपासली गेली, दुरुस्त्या झाल्या, आणि १८८८ मध्ये जो कायदा झाला त्याचा ढाचा असा होता.

पालिकेत ७२ सदस्य. त्यातले ३६ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीसनी, २ विद्यापीठाने, २ चेंबर ऑफ कॉमर्सने आणि १६ सरकारने नेमलेले. शहराचा कारभार पालिकेच्या नावाने, पण अंमलबजावणी आयुक्ताच्या हातात. आयुक्त सरकारने नेमायचा. मात्र ७२ पैकी ४५ सदस्यांनी ठराव केला तर त्याला जावं लागेल. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे.

आता मुद्द्याची गोष्ट. या कायद्याने पालिकेच्या कामांचे दोन ढीग केले. एक, जी केलीच पाहिजेत अशी कामं. दोन, जी करता येतील अशी कामं. बाग करायची की नाही हे पालिका ठरवू शकते. पण गटार, पाणी, रस्त्यावरचे दिवे यातून सुटका नाही.

अग्निशमन दल ठेवणं आणि आगीपासून लोकांच्या जीविताचं व मालमत्तेचं रक्षण करणं, हे पहिल्या ढिगात गेलं.

म्हणजे १८८७ मध्ये पोलिसांकडून पालिकेकडे आलेलं आगीचं खातं आता पालिकेचं बंधनकारक कर्तव्य झालं. पुढे दलाचे पहिले मुख्य अधिकारी म्हणून लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स यांना आणण्यात आलं. पोलिसांच्या जोडकामाऐवजी शिकलेल्या, पूर्णवेळ माणसांचं दल उभं राहू लागलं. १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईत आलं आणि बंबांनाही त्याचा आधार झाला, कारण पाणीच नसेल तर बंब नुसता शोभेचा.

हे सगळं एकट्या फिरोजशाहांनी केलं असं म्हणणं चूक ठरेल. अग्निशमन दल म्हणजे कायद्याच्या शेकडो कलमांतली एक ओळ होती. पण ती ओळ कुणी पाळायची, पाळली नाही तर कुणी विचारायचं आणि त्यासाठी पैसे कुणी मंजूर करायचे, ही जी चौकट आहे, तिच्यासाठी ते भांडले होते.

सरकारचा हात किती लांब असावा?

इथे खरी गुंतागुंत आहे. पालिका स्वतंत्र हवी हे मान्य. पण पालिकेने कामच केलं नाही तर? बंब गंजले, भरती झाली नाही, पैसे दुसरीकडे वळवले, तर लोकांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत जळत बसायचं का?

म्हणूनच सरकारला पालिकेवर काही ताबा ठेवणारी कलमं कायद्यात होतीच. कर्तव्य टाळलं जात असेल तर सरकार लक्ष घालू शकतं. फिरोजशाहांची भूमिका सरकारचा हात पूर्ण तोडायची नव्हती. तो हात शेवटच्या उपायाला वापरावा, रोजच्या कारभारात खुपसू नये, असं त्यांच्या राजकारणाचं सूत्र होतं.

हे सूत्र किती नाजूक आहे ते १८९६ मध्ये प्लेग आल्यावर दिसलं. १८९७ मध्ये सरकारने जनरल गेटकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली आणि पालिकेचे अधिकार तिच्याकडे वळवले. घरांची झडती, माणसांना जबरदस्तीने हलवणं यामुळे शहरात संताप पसरला. संकट खरं होतं आणि सरकारचा हस्तक्षेपही कायद्याने होता. पण लोकांना विश्वासात घेणारी संस्था बाजूला सारली की काय होतं, हे मुंबईने पाहिलं.

दुसरं भांडण पैशाचं होतं. मुंबईच्या पोलिसांवर ताबा सरकारचा, पण खर्चाचा भार पालिकेवर. फिरोजशाहांनी वर्षानुवर्षं हा मुद्दा लावून धरला. ज्याचा ताबा त्याने खर्च करावा, आणि ज्याने खर्च करायचा त्याला ताबा मिळावा. शेवटी १९०७ मध्ये कायदा होऊन पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत यांसारख्या गोष्टींची जबाबदारी पालिकेवर आली.

वाचताना हे कंटाळवाणं वाटेल. पण आजच्या अग्निशमन दलांचा प्रश्न नेमका इथेच अडकलाय. त्याकडे येऊच.

पालिकेचा राजा आणि त्याला पाडायचा डाव

फिरोजशाहांचा पसारा पालिकेपुरता नव्हता. १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. १८९० मध्ये ते कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडावर टीका करून त्यांना गोरंमोरं केलं. १९०१ मध्ये शेतजमिनीबाबतच्या विधेयकावर मुंबईच्या कायदेमंडळातून ते सहकाऱ्यांसह उठून बाहेर पडले. तेव्हा हे फारच धाडसाचं होतं. १९०४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

टिळकांशी त्यांचं पटलं नाही. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा मवाळांच्या बाजूला ते खंबीरपणे उभे होते. महाराष्ट्रात त्यांची आठवण थोडी मागे पडली याचं हेही एक कारण. लोकांना सिंहगर्जना आठवते, अंदाजपत्रकावरचं भाषण कुणाला आठवणार?

पालिकेत मात्र त्यांचा शब्द शेवटचा असायचा. ही गोष्ट सगळ्यांनाच आवडत होती असं नाही. त्यांचा दरारा जास्त झालाय, सभागृह त्यांच्या तालावर नाचतं, अशी टीकाही व्हायची आणि ती अगदीच निराधार नव्हती.

१९०७ च्या पालिका निवडणुकीत काही वरिष्ठ इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांना पाडायचा डाव रचला. हे प्रकरण कॉकस या नावाने गाजलं. फिरोजशाह थोडक्यात हरलेही. पण निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरला आणि त्यांचा पुन्हा प्रवेश झाला. शहरात मोठी निषेध सभा झाली. पालिकेची एक जागा हा सगळ्या शहराच्या स्वाभिमानाचा विषय झाला.

१९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केलं. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण तब्येत ढासळली होती. ५ नोव्हेंबर १९१५ ला वयाच्या ७० व्या वर्षी ते गेले. १९२३ मध्ये पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनला आणि फोर्टातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

कायदा राहिला, त्याची किंमत जवानांनी मोजली

पालिकेने उभ्या केलेल्या दलाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती १४ एप्रिल १९४४ ला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या एसएस फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. ती विझवताना दोन महाभयंकर स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर मुंबईबाहेरच्या शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका कायदा आला. त्यातही तेच दोन ढीग आहेत. आणि अग्निशमन दल बंधनकारक कामांतच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावं परिशिष्ट जोडलं, त्यातही पालिकांच्या कामांत अग्निशमन सेवा आहे.

आता भाईंदर पूर्वेला येऊ

फिरोजशाह गेले तेव्हा भाईंदर म्हणजे खाडी, मिठागरं आणि एक रेल्वे स्टेशन. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेतच शहर ८ लाखांच्या वर गेलं होतं.

भाईंदर पूर्वेचं चित्र डोळ्यासमोर आणा. नवघर, गोडदेव, खारीगाव या जुन्या गावठाणांच्या अरुंद गल्ल्या. त्यांना चिकटून स्टीलची भांडी आणि लहानमोठ्या वस्तू बनवणारे औद्योगिक गाळे. बाजूला झोपडपट्टी. आणि आता त्यावर उभे राहणारे टॉवर. एकाच प्रभागात चार प्रकारच्या आगी लागू शकतात आणि चारहींसाठी वेगळी तयारी लागते. टॉवरला उंच शिडीची गाडी हवी, गल्लीला लहान बंब हवा, गाळ्याला रसायनांची माहिती असलेला अधिकारी हवा. आणि प्रत्येक गाडीवर शिफ्टनुसार पुरेशी माणसं हवीत. गाडी नवीन आली आणि चालकच नाही, तर ती गाडी नुसती रिबीन कापण्यापुरती.

मग यावर नजर कुणाची?

पहिली पायरी महापालिका. दल ठेवणं हे तिचं बंधनकारक काम. अंदाजपत्रकात किती पैसे, हे ठरवायचं नगरसेवकांनी.

दुसरी पायरी राज्य सरकार. १९४९ च्या कायद्याचं कलम ४४८ सांगतं की एखादं कर्तव्य पार पडत नाही, नीट पार पडत नाही किंवा त्यासाठी पुरेसे पैसे ठेवले नाहीत, असं सरकारला दिसलं तर ते पालिकेला मुदत देऊन काम करायला सांगू शकतं. तरीही झालं नाही तर सरकार ते काम करवून घेऊन खर्च पालिकेकडून वसूल करू शकतं. शिवाय महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे आणि २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे.

तिसरी पायरी केंद्र. १९५५ पासून गृह मंत्रालयाची स्थायी अग्निशमन सल्लागार परिषद आहे. किती अंतरावर केंद्र हवं, बंब किती मिनिटांत पोचावा, गाडीवर माणसं किती, याचे निकष ती देते. पण ते सल्ले आहेत, हुकूम नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५ हजार कोटींची योजना आणली.

आता फिरोजशाहांचं पोलीस खर्चाचं भांडण आठवा. महापालिकेला नवीन पदं भरायची तर आधी राज्य सरकारची मंजुरी लागते. पदांचा आकृतीबंध नगरविकास विभागात जातो. आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट असते. म्हणजे दल ठेवायचं पालिकेने, पगार द्यायचा पालिकेने, पण माणसं किती हे ठरवायला वरची सही. मग पालिका सरकारकडे बोट दाखवते, सरकार पालिकेकडे. अनेक पालिका मधला मार्ग म्हणून ठेक्यावर माणसं घेतात. ताबा एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे असला की जबाबदारी मधल्या फटीत पडते, हेच तर ते सांगत होते.

आणि तिसरी गोष्ट, प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाची. मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. आझादनगरची आग लागली तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. खर्च करणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत तेव्हा हेच चालू होतं. १८७१ मध्ये पंचविशीतल्या बॅरिस्टरने ज्या रचनेला धोका म्हटलं होतं, ती रचना जवळपास तशीच परत आली होती.

मग आपण काय विचारायचं?

सरकारी नजर म्हणजे फक्त मंत्रालयातली फाईल असं नाही. त्यात आपलाही वाटा आहे, कारण २००६ चा कायदा इमारतीच्या मालकावर आणि रहिवाशांवरही जबाबदारी टाकतो. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म बी म्हणतात, परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. आपल्या सोसायटीने ते दिलंय का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

उरलेले प्रश्न नगरसेवकाला विचारायचे. अग्निशमन दलात मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेक्यावर किती? आपल्या भागातल्या सगळ्यात जवळच्या केंद्रापासून बंब यायला किती मिनिटं लागतात? आकृतीबंधाची फाईल कुठे अडलीय? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, त्याचं शुल्क १० रुपये.

फिरोजशाहांच्या काळात मत द्यायला मोठा कर भरावा लागायचा, म्हणून हे प्रश्न मूठभर लोकच विचारू शकत होते. आज नवघर रोडवर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही मत आहे. आग लागल्यावर पाहणी करायला येणाऱ्यांना हे प्रश्न जरूर विचारा. पण अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, तेव्हाच विचारले तर बंबावर माणूस असण्याची शक्यता जास्त.